होडीच्या इंजिनावरचा दसरा

मंडळी, आज सकाळी आजोबांच्या होडीचं जुनं इंजिन साफ करायला घेतलं. याच इंजिनावर होडी चालवून ते आमच्या तलावात मासेमारी करायचे.

रंग निघेल या भीतीने मी आधी एका कोपऱ्यात कोमट साबणपाणी लावून पाहिलं.

बाबा हसले. "अवं, इंजिन हाये ते, नवरी नाई! पेट्रोलनं पुस ना."

पेट्रोल पेटेल, म्हणून मी ऐकलं नाही.

तेलाचा काळा थर निघाला आणि खाली लाल दिसलं. गंज वाटला, पण ते कुंकू होतं. दर दसऱ्याला आजोबा तिथेच टिळा लावायचे. त्यात त्यांच्या बोटाचा ठसा होता.

बाबा हळूच मला म्हणाले, "तेवढं राहू दे, माय."

ठेवलंय. पण खाली खरंच गंज असला तर? टिळा न पुसता कसं तपासू?