तीनशे साठ मीटरची फेरी

सोलापूरच्या त्या कॉलेजात चाचणीला गेले तेव्हा मी बारावीत होते. अर्जावर पाच हजार मीटरची माझी वेळ लिहिली होती : सतरा मिनिटं पन्नास सेकंद. ती आमच्या पी.टी.च्या सरांनी स्वतः घड्याळ लावून घेतलेली. तालुक्याला मी पहिली आले होते, पण तिथं नंबर काढायचे, वेळ कुणी लिहून ठेवत नसे. ही वेळ बघूनच कॉलेजच्या क्रीडाशिक्षिकेनं मला बोलावलं होतं. निवड झाली असती तर खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती.

आप्पा शेरडं-मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून माझ्यासोबत वळसंगहून एसटीनं आले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तांबडा ट्रॅक पाहिला. वाकून हात लावला आणि म्हणाले, "मऊ हाय की."

मी नेहमीच्याच दमानं पळाले. पण दहाव्या फेरीनंतर पायांत गोळे यायला लागले. शेवटची फेरी तर संपतच नव्हती. रेघ ओलांडली तेव्हा मॅडमनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. एकोणीस मिनिटं बावन्न सेकंद.

"घड्याळ चुकलंय का?" मी विचारलं.

"घड्याळं दोन आहेत," त्या म्हणाल्या. "तू सराव कुठं करतेस?"

"शाळेच्या मैदानावर. चारशेची फेरी आहे."

"कुणी मोजली?"

परतताना एसटीत आप्पा एवढंच म्हणाले, "आजारी हायस का?" मी मानेनंच नाही म्हटलं. मला रडूही येत नव्हतं. दोन मिनिटं कुठं गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी बांधकामावरच्या मिस्त्रीकडून लांब टेप आणली. एक टोक आप्पांनी धरलं, एक मी. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेवरून टप्प्याटप्प्यानं मोजत गेलो. तीनशे साठ भरली. मी चुकले असेन म्हणून उलट्या बाजूनं परत मोजली. तीनशे साठच.

म्हणजे पाच हजार मीटर मी कधी पळालेच नव्हते.

सर आमच्याकडे बघत व्हरांड्यात उभे होते. मी टेप हातात घेऊनच गेले. वाटलं होतं, त्यांनाही धक्का बसेल.

"पाण्याची टाकी बांधली तेव्हा कोपरा आत घ्यावा लागला," ते शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, सर?"

"व्हय." मग म्हणाले, "पहिल्या वर्षी तू सोडून देणार होतीस. कमी वेळ ऐकली की तुझा चेहरा खुलायचा. नंतर सांगायचं राहून गेलं."

सहा वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघून पळाले होते. मी टेप गुंडाळत निघाले. आप्पा मात्र थांबले. "सर, पोरगी खोटं लिवून आली की," म्हणाले. सरांनी मान खाली घातली.

मॅडमना मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी हिशेब केला.

"म्हणजे शेवटचे पाचशे मीटर तू जन्मात पहिल्यांदा पळालीस?"

"हो, मॅडम."

"तरी थांबली नाहीस. वसतिगृहाची जागा नाही देता येणार. मार्कांवर प्रवेश घे आणि सकाळी साडेसहाला ट्रॅकवर ये."

जूनपासून मी पहिल्या एसटीनं जायला लागले. वर्षभरात एकोणीसच्या आत आले. सतरा पन्नास अजून लांब आहे.

सरांशी मी पुष्कळ दिवस बोलले नाही. आईकडून कळलं, त्यांनी फक्की नव्यानं मारली. टाकीच्या मागून वळसा घालून फेरी चारशेची केली. शाळेतल्या पोरी माझ्यावर चिडल्या होत्या म्हणे. एका सकाळीत सगळ्यांच्याच वेळा वाढल्या होत्या.