गोदामातलं घोंगडं

हिंगोली आगारातून मसाजीभाऊ निवृत्त झाले ते २००५ साली. निरोपाच्या कार्यक्रमात आगारातले साहेब शाल उघडून त्यांच्या खांद्यावर टाकायला गेले, तर मसाजीभाऊ चटकन मागं सरकले. नारळ घेतला, नमस्कार केला आणि शाल टेबलावरच ठेवून खुर्चीत जाऊन बसले. माझ्या मागं बसलेला एक जण पुटपुटला, "ड्रायव्हरला लय माज हाय." मी मागं वळून त्याच्यावर डोळे वटारले. माज नव्हता तो. असल्या सत्काराची किळस मसाजीभाऊंच्या मनात बारा वर्षं बसलेली होती, आणि ती कशी बसली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी साधना, हिंगोलीतच शाळेत शिक्षिका होते. मला राग लवकर येतो, हे माझ्या वर्गातलं कुठलंही लेकरू सांगेल. त्र्याण्णव साली किल्लारीकडं भूकंप झाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. गावातल्या पुढाऱ्यांनी एक मदत समिती काढली, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम ताब्यात घेतलं आणि भोंगा लावून रिक्षा फिरवली, की भूकंपग्रस्तांसाठी कपडे, भांडी, धान्य आणून द्या. शाळा सुटली की मी तिथं जायची. मसाजीभाऊ मात्र सकाळपासून तिथंच असायचे.

ते मूळचे सेनगाव तालुक्यातले, मेंढरंवाल्या घरातले. भाऊ बालाजी आईसोबत गावी राहून मेंढरं आणि शेती सांभाळायचा. मसाजीभाऊ वीस वर्षं एसटी चालवत होते आणि रजा म्हणून कधी घेत नव्हते. सगळ्यांना वाटायचं, साठलेली रजा ते लेकीच्या लग्नाला नाहीतर घर बांधायला काढतील. भूकंपाच्या आठवड्यात त्यांनी स्वयंसेवकांची एक बस तिकडं नेली, आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन महिन्यांची रजा टाकून गोदामात हजर झाले. आगारातले लोक चेष्टा करायचे, "रजा घेऊन हमाली करून राहिला काय रे?"

त्यांनी मला कारण सांगितलं ते असं. तिकडच्या एका गावात पडलेल्या घरासमोर भिकाबाई नावाची म्हातारी अंगाला बारदान गुंडाळून बसली होती. आसपासच्या लोकांनी सांगितलं, घरातलं कुणी उरलं नाही. मसाजीभाऊंनी तिला चहा दिला. तिनं बारदान आणखी आवळून घेतलं आणि म्हणाली, "थंडी सोसना बाबा." मसाजीभाऊ बोलून गेले, "मावशी, मी घोंगडं आणून देतो तुला." त्यावर ती म्हणाली, "समदे असंच म्हणून जातेत."

"बाई, ते माह्या डोक्यातून जाईना," मसाजीभाऊ म्हणाले.

गावी जाऊन त्यांनी आईला हे सांगितलं. चांगुणाबाई तेव्हा सत्तरीच्या. स्वतः सूत काढून करवून घेतलेलं एक नवं कोरं घोंगडं त्यांनी देवापुढं घडी करून ठेवलेलं होतं. काळं, काठाला पांढरी पट्टी आणि एका कोपऱ्यात दृष्ट लागू नये म्हणून तांबड्या दोऱ्याचे टाके. त्यांनी एका शब्दानं न विचारता ते लेकाच्या हातात दिलं. मसाजीभाऊंना ते परस्पर घेऊन जाता आलं असतं. पण त्यांनी ते गोदामात आणलं आणि दारासमोरच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "आलेल्या माणसाला दिसू द्या बाई, द्यायचं म्हंजी काय द्यायचं." मदतीचा ट्रक निघाला की आपणच तो चालवायचा आणि घोंगडं भिकाबाईच्या हातात द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दिसलं खरं सगळ्यांना. पण लोकांनी काय आणून दिलं म्हणता? काखेत कुजलेली पोलकी. नाड्या नसलेले परकर. पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेले सदरे. पोरांनी वर्षानुवर्षं ओली केलेली गादी, जिचा वास दारातून आत येण्याआधीच आम्हाला कळला. एका पायाची चप्पल. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली. अळ्या पडलेलं बेसन. कुणाच्या तरी लग्नातले टॉवेल-टोपी, ज्यांना अजून अक्षता चिकटलेल्या. आणि देण्याघेण्याच्या त्या साड्या! आपल्याकडं आहेरात आलेली जाळीदार साडी कुणी नेसत नाही, ती पुढच्या लग्नात दुसऱ्याला जाते, तिथून तिसऱ्याला. तशी दहा लग्नं फिरून घड्यांवर विरलेली साडी शेवटी भूकंपग्रस्तांच्या नशिबी आली होती. एका प्रतिष्ठित घरातून वापरलेल्या चड्ड्यांचं गाठोडं आलं. मी ते काठीनं उचललं.

मसाजीभाऊ प्रत्येक कपडा हातात घेऊन झटकायचे, उजेडात धरायचे. फाटकं निघालं की आणणाऱ्यालाच विचारायचे, "हे तुमी घालताल का?" लोकांना राग यायचा. एक बाई तर तरातरा निघून गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. मला वाटलं, लाज वाटली असेल. त्या म्हणाल्या, "आमची पिशवी राहिली, चांगली होती, ती परत द्या."

समितीचे अध्यक्ष रामप्रसाद. पांढरेशुभ्र कपडे, हातात रुमाल, आणि गोदामात शिरताना तोच रुमाल नाकाला. तक्रारी त्यांच्या कानावर गेल्या तसे ते मसाजीभाऊंना म्हणाले, "मसाजी, दात्यांना दुखवायचं नसतं. जे येईल ते घ्यायचं." मी म्हणाले, "उकिरड्यावरही जे येईल ते घेतात, साहेब." ते हसले. माझा राग त्यांना कौतुकाचा वाटायचा, आणि त्याची मला आणखी चीड यायची.

एवढ्या घाणीतून निवडून निवडून आम्ही एक ट्रकभर बरं सामान काढलं. काही लोकांनी खरंच चांगलं दिलं होतं, तेही सांगायला हवं. दसऱ्याच्या आत ट्रक भरून तयार होता. एका व्यापाऱ्यानं गाडी दिली होती आणि चालवायला मसाजीभाऊ तयार होते. पण गाडी हलेना. कारण काय, तर मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते झेंडा दाखवल्याशिवाय ट्रक निघणार नव्हता. पाहुण्यांची तारीख मिळाली, मग पुढं गेली, मग पुन्हा पुढं गेली. दसरा गेला, दिवाळी गेली. पहाटे घराबाहेर पडलं की दात वाजायला लागले. ताडपत्रीखाली पोत्यांना उंदीर लागले.

मसाजीभाऊ रोज विचारायचे. शेवटी ते म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ट्रक राहू द्या. निस्तं घोंगडं द्या. मी एसटीनं नेऊन देतो. ती म्हातारी वाट पाहून राहिली."

"इथं जमा झालं ते समितीचं," रामप्रसाद म्हणाले. "शिस्त म्हणून काही असते की नाही?" आणि त्याच दिवशी घोंगडं टेबलावरून उचलून त्यांच्या कचेरीतल्या कपाटात गेलं. आम्हाला वाटलं, उंदरांपासून जपताहेत.

नोव्हेंबर संपता संपता पाहुणे आले. गोदामासमोर मांडव, खुर्च्या, हार आणि ट्रकपेक्षा लांब कापडी फलक. सकाळीच रामप्रसादांची जीप चांगुणाबाईंना आणायला गेली होती. मसाजीभाऊंनाही हे ठाऊक नव्हतं. आईला मांडवात पाहून ते चकित झाले. "तुला कुणी आणलं?" "जीप आलती. म्हणले, आजी चला, तुमच्या हातानं सत्कार हाय. माह्यासारखीच्या हातानं काहून, ते न्हाई सांगितलं." ते मला समजलं. मेंढरंवाल्यांची मतं मोठी, पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी दिली की फोटो चांगला येतो. हा मान असाच देतात आपल्याकडं, आणि खऱ्या मायेनं देतात तेव्हा तो शोभतोही.

निवेदकानं आवाज चढवला, "आता धनगर समाजाच्या वतीनं वयोवृद्ध माता चांगुणाबाई साहेबांचा घोंगडी आणि काठी देऊन सन्मान करतील!" चांगुणाबाई मंचावर चढल्या. एक जण ताट घेऊन पुढं आला. ताटात काळं घोंगडं होतं, काठाला पांढरी पट्टी असलेलं.

मसाजीभाऊ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला.

चांगुणाबाईंनी ताटावरून हात फिरवला. कोपरा उलटा केला. तांबडे टाके पाहिले. मग मान वर करून पाहुण्यांकडं पाहिलं आणि माईक समोर आहे याची काहीच फिकीर न करता विचारलं,

"सायेब, तुमचंबी घर पडलं का वो?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांना काही कळलं नाही, तेही हसले. निवेदकानं सावरून घेतलं, "आजींची माया बघा, साहेबांच्या घराचीही काळजी!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांइतकी घाण मला त्या गादीचीही वाटली नव्हती. चांगुणाबाईंनी घोंगड्याला पुन्हा हात लावला नाही. म्हणाल्या, "दिल्यालं हाय ते. मी न्हाई टाकत तुमच्या अंगावर." रामप्रसादांनी पुढं होऊन ते स्वतःच्या हातानं पाहुण्यांच्या खांद्यावर घातलं. फोटो झाला. फोटो होताच पाहुण्यांनी ते उतरवून मागं दिलं, आणि मागच्यानं नेऊन ते गाडीत टाकलं.

मग भाषण झालं, नारळ फुटला, झेंडा हलला. मसाजीभाऊंनी ट्रक सुरू केला, फाटकापर्यंत नेला आणि बरोबर फाटकात आडवा लावून बंद केला. चावी खिशात घातली आणि खाली उतरले. गोदामाच्या आवारातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. पाहुण्यांची गाडी मागं येऊन हॉर्न वाजवू लागली. रामप्रसाद रुमाल विसरून धावत आले.

"मसाजी! काय तमाशा लावलास? गाडी काढ."

"काढतो. ट्रकमधलं एक सामान कमी हाय. ते आलं की काढतो."

"तुझी नोकरी जाईल."

"मी रजेवर हाय," मसाजीभाऊ म्हणाले.

गाडीची काच खाली झाली. पाहुण्यांनी काय भानगड आहे ते विचारलं, मांडीखाली चेपलेलं घोंगडं ओढून काढलं आणि बाहेर दिलं. "अरे, द्या देऊन. नाहीतरी टोचतंच आहे." मसाजीभाऊंनी ते घेतलं आणि मान न झुकवता ट्रककडं वळले. चांगुणाबाई आधीच वर चढून बसल्या होत्या. मीही चढले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि नसता तरी मी चढले असते.

सकाळी आम्ही त्या भागात पोचलो. रस्त्याच्या कडेला गुडघ्याएवढे कपड्यांचे ढीग पडले होते. राज्यभरातून आलेली तीच पोलकी, त्याच जाळीदार साड्या, दवात भिजून कुजत पडलेल्या. त्यावर कुत्री झोपली होती. चांगुणाबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "माणसं मेली इथं, अन् लोकायनी घरं झाडून घेतली."

भिकाबाई पत्र्याच्या शेडच्या दारात उन्हाला बसलेली होती. अंगाला तेच बारदान. मसाजीभाऊंनी घोंगडं तिच्या पुढ्यात ठेवलं. "मावशी, उशीर झाला."

तिनं ओळखलं की नाही, मला कळलं नाही. तिनं घोंगडं हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. अत्तराचा वास होता त्याला.

"वापरल्यालं हाय का?" तिनं विचारलं.

दोन महिने लोकांना असेच प्रश्न विचारणाऱ्या मसाजीभाऊंनी खाली पाहिलं. "व्हय मावशी. एका सायबानं वापरलं. थोडाच वेळ."

भिकाबाई खांबाला धरून उठली. शेडच्या बाहेर आली, घोंगड्याची दोन टोकं धरली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ते खाडकन झटकलं. पुन्हा झटकलं. पुन्हा नाकाशी नेऊन पाहिलं, आणि मग बारदान काढून टाकून अंगाभोवती लपेटून घेतलं.