भोंग्यावरून निरोप

आमच्या भागात कुणाच्या घरी नवी गादी दिसली की मी मनात म्हणतो, ही मी विकली. पंचवीस वर्षं मी रिक्षातून पुकारा करत आलो आहे. टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. आत मी, आणि हँडलजवळ तारेनं बांधलेला माईक. वाटूरपासून परतूरपर्यंत असा रस्ता नाही, जिथं मी घसा ताणला नाही. साड्यांचे सेल, डोळ्यांची शिबिरं, सर्कस, कीर्तन, कुस्त्या. सर्कसमधला सिंह म्हातारा होता, दिवसभर झोपायचा. पण माझ्या तोंडून त्याचं वर्णन ऐकून बाया लेकरांना घरात ओढून घ्यायच्या.

मग मेमरी कार्ड आलं. दुकानदार कुठूनतरी एका बाईचा गोड आवाज भरून आणू लागले. कार्ड घालायचं, कुणाच्याही रिक्षावर भोंगा बांधायचा आणि द्यायचं सोडून. ती बाई दमत नाही, पाणी पीत नाही, चहाला थांबत नाही. माझी रिक्षा दारात उभी राहू लागली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

काम करून थकलेला माणूस निदान झोपतो. मी दुपारी खाटेवर पडायचो आणि पंख्याकडं बघायचो. लांबून त्या बाईचा आवाज यायचा. कुठल्या गल्लीत आहे ते मला बरोबर कळायचं. ती देवळासमोरही तेवढ्याच जोरात बोलायची आणि शाळेसमोरही. मला राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद नव्हती. बायको शाळेत खिचडी शिजवायला जाते. ती परत यायची, तेव्हाही मी त्याच कुशीवर असायचो.

बायकोच्या धाकट्या भावाचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान आहे. त्याचा फोन आला.

"दाजी, आवाजाचे दिवस गेले आता. या हिकडं. टायरचं काम शिका. पोळ्यापर्यंत सांगा, न्हाई तर मला दुसरा माणूस ठेवावा लागन."

वय एकोणपन्नास. या वयात पहिल्यापासून पाना धरायला शिकायचं, या विचारानंच माझे गुडघे दुखू लागले. तरी गेलो. तीन दिवस राहून बघतो म्हणालो.

पहिल्या दिवशी जॅक कुठं लावायचा ते शिकलो. दुसऱ्या दिवशी तो तिथं लावायचा नव्हता हे शिकलो. तिसऱ्या दिवशी एक ट्रकवाला येऊन एका नव्या टायरकडं बघू लागला. मेव्हणा जेवत होता. मी त्या टायरवर हात ठेवला आणि सुरू झालो. रबराची जात काय, पकड काय, घाटातलं वळण काय, घरी वाट बघणारी लेकरं काय. ट्रकवाला खाली बसून ऐकत राहिला. शेवटी त्यानं टाळ्या वाजवल्या, माझ्याकडून चहा प्यायला आणि निघून गेला.

मेव्हणा हात धुऊन आला. "दाजी, गाडीचं चाक पंक्चर होतं त्याचं. ते काढायचं होतं."

"तो काही बोलला नाही."

"तुम्ही बोलू देल्तं का त्याला?"

घरी आलो तर कमर वाकेना. बायकोनं वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि शेकायला बसली.

"काय ठरवलं मंग?"

"जातो. काय करणार? माझं काम संपलं."

"भावाकडं जायला मी न्हाई म्हणत न्हाई. शिका नवीन. पण तुमचं काम खरंच संपलं, का तुम्ही सेलच विकत बसले इतके दिवस म्हणून तसं वाटून राह्यलं?"

"म्हणजे?"

"मला काय माहीत? आवाज तुमचा हाय." तिनं वीट दाबली. मी ओरडलो. "अजून चांगला निघतो की," ती म्हणाली.

पोळ्याला नऊ दिवस उरले होते, तेव्हा सकाळी सरांकडून बोलावणं आलं. सर म्हणजे शाळेतले माझे मराठीचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्गात उभं करून धडा वाचायला लावायचे आणि मी नाटकी वाचला की डस्टर टेबलावर आपटायचे. त्यांची आई पहाटे गेली होती. वय नव्वदीच्या पुढं. बौद्धवाड्यातलीच नाही, गावातली निम्मी लेकरं तिच्या हातानं तेल लावून घेऊन मोठी झालेली. मीही त्यातलाच.

अंगणात माणसं बसली होती. मी "जय भीम" म्हणून हात जोडले. सर ओट्यावरून उठून माझ्याजवळ आले.

"पोरांनी मोबाईलवर सगळ्यांना कळवलंय. पण आईच्या बरोबरच्या बाया राहिल्यात. कुणी खुरपायला गेलीय, कुणी वस्तीवर. त्यांच्याकडं कुठं मोबाईल? दुपारी तीनला न्यायचं. तू फिर."

मी मयतीचा पुकारा कधी केला नव्हता. आमच्या धंद्यात ते अशुभ मानतात. भोंग्यावरून एकदा मयत सांगितली की लग्नाचं काम मिळत नाही म्हणतात. तसं मला लग्नाचंही मिळत नव्हतंच. मी हो म्हणालो. शिवाय मनात एक होतं. हे नीट जमलं तर माझा आवाज अजून कुणाच्या तरी उपयोगाचा आहे. नाही जमलं तर शहागडला जायचं.

कोंबड्यांना उठवून रिक्षा काढली. चौकात आलो. चार महिन्यांनी माईक तोंडासमोर आला होता. छाती आपोआप पुढं आली. पहिलं वाक्य छान निघालं. दुसरं त्याहून छान. आजीचं वय सांगताना आवाज असा काही थरथरवला की मलाच भरून आलं. आणि मग त्याच ओघात, पंचवीस वर्षं जीभ ज्या रुळावरून धावली त्याच रुळावरून, मी म्हणालो,

"तरी परिसरातील सर्व बंधू-भगिनींनी या अंत्ययात्रेचा अवश्य लाभ घ्यावा. ही संधी पुन्हा मिळणार नाही."

पुढच्या भोंग्यातून गेलं, मागच्या भोंग्यातून गेलं. हॉटेलासमोरच्या बाकड्यावर एक म्हातारा बशीत चहा ओतून पीत होता. बशी तोंडाजवळच थांबली.

"लाभ कसा घ्यायचा बा?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"जवळ जाऊन घ्यावा लागन," शेजारचा म्हणाला.

कुणीतरी फसकन हसलं. मी माईकचं बटण बंद केलं. चाळीस वर्षं ज्या बाईनं मला पाहिलं की "भाकर खाल्ली का" विचारलं, तिला मी गादीच्या सेलसारखं विकून आलो होतो. तिथंच बसून मेव्हण्याला फोन लावायला काढला. लावला नाही. आधी सरांना तोंड दाखवणं भाग होतं.

पोचलो तोवर बातमी माझ्याआधी पोचली होती. अंगणातली माणसं माझ्याकडं बघून खाली बघू लागली. सर ओट्यावर बसले होते.

"सर, चुकलं. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मी चाललो शहागडला. मेव्हण्याकडं काम धरतो."

"कशाचं?"

"टायरचं."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "जा ना. पण तीन वाजता न्यायचंय, आणि बाया अजून शेतात हाईत. टायर काय पळून जात न्हाई."

मी रिक्षाकडं वळलो.

"सहावीतही असंच वाचायचास," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यानं तुझ्याकडं बघावं म्हणून. आज कुणी तुझ्याकडं बघायचं न्हाई. बायांनी खुरपं खाली ठेवून घराकडं निघायचं. एवढंच काम हाय. कोण गेलं, कुणाची आई, किती वाजता, कुठून. बस. आणि थांबत जा मधी. माणसाला कळायला वेळ लागतो."

दुसऱ्या फेरीला मी एक भोंगा बंद केला. आवाज निम्म्यावर आणला. चालत्या रिक्षातून बोललो नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायचो, इंजिन बंद करायचो, चार गोष्टी सांगायचो, गप्प राहायचो, पुन्हा त्याच सांगायचो. कुठली म्हातारी कुठं असते, कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, कोण या वेळी विहिरीवर असतं, हे सगळं मला माहीत होतं. पंचवीस वर्षं साड्या विकताना ते गोळा झालं होतं आणि मी त्याला कधी कामात धरलं नव्हतं.

वस्तीच्या रस्त्याला सोयाबीनमध्ये आठ-दहा बाया ओळीनं खुरपत होत्या. मी सांगितलं. एकजण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती वाजता रे बाबा?"

"तीनला, मावशी."

"लई दिवस होती का दुखण्यात?"

"नाही. झोपेतच गेली."

तिनं मागं वळून बाकीच्यांना सांगितलं. हे कार्डातल्या बाईला विचारता आलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. लगेच लाजही वाटली, की अशा वेळीसुद्धा मी धंद्याचा हिशेब मांडतो आहे. बायांनी खुरपी शेताच्या धुऱ्यावर ठेवली, पदर डोक्यावर घेतले आणि चालू लागल्या. दोघींना चालवेना, त्यांना मी रिक्षात घेतलं.

तीन वाजता सरांच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. म्हाताऱ्या पुढं बसल्या होत्या. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडं कुणीही बघितलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी शेजारच्या गावातून एकाचा फोन आला, वडील गेले म्हणून. मी वही काढली. चार गोष्टी लिहून घेतल्या, त्यालाच परत वाचून दाखवल्या. मग ग्रामपंचायतीनं पाणी कुठल्या दिवशी येणार ते सांगायला बोलावलं. मग जनावरांच्या लसीचं काम. एकाची म्हैस हरवली, तिचं वर्णन मी इतकं साधं केलं की ती दुपारपर्यंत सापडली. सिंहाच्या वेळेसारखं केलं असतं तर लोक घरात लपले असते.

काम वाढलं, असं म्हणवत नाही. दुःखाच्या घरी जाऊन वही उघडायची, हे साड्यांपेक्षा जड आहे. संध्याकाळी अंग मोडून येतं. पण खाटेवर पडलं की झोप लागते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मेव्हण्याला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. मला वाटलं होतं, थोडं तरी वाईट वाटेल त्याला. "पण दाजी, पोळा झाल्यावर ताईला घेऊन या एक दिवस. दुकानाचा पुकारा करून द्या. जुना, तुमच्या सिंहाच्या आवाजात."

"लाभ घ्यावा म्हणू?"

"म्हणा ना. टायरच हाईत."

गेलो. त्यानं दुकानासमोर भोंगा बांधून ठेवला होता. मी माईक धरला, छाती पुढं काढली. आवाज खालीच राहिला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. टायरचा आकार, दुकानाची जागा, वेळ, सगळं सावकाश, मधे थांबत निघालं. बायको आत पदर तोंडाला लावून हसत होती. रस्त्यापलीकडं एका ट्रकवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि आमच्याकडं आला.

"कोण गेलं हो?" त्यानं मेव्हण्याला विचारलं.

मेव्हण्यानं त्याच्याकडं स्टूल सरकवलं. मग म्हणाला, "कोणी न्हाई. बसा. चाक दाखवा कोणतं हाय."

मी माईक ठेवला आणि जॅक घ्यायला उठलो. तो कुठं लावायचा नाही, एवढं मला येत होतं.