हजेरीतले एकोणीस

लोरेटा सिल्वेरा बावीस वर्षं त्या छोट्या कम्युनिटी कॉलेजात निबंधलेखन शिकवत होती. दर सत्राला नवा करार. कायम अशी ती कधी झालीच नाही. वर्ग संगणकावर गेला, तरी मंगळवारी सकाळी ती चौदा नंबरच्या खोलीत यायची, फळ्यावर तारीख लिहायची आणि बसून राहायची.

त्या जानेवारीत यादीत वीस जण होते. पहिला निबंध, खिडकीतून काय दिसतं. एकोणीस जणांनी वेळेत, देखणं लिहिलं. मारिसेला ऑन्टिव्हेरोसचा पत्ता नव्हता. गणतीच्या दिवशी, म्हणजे वर्गात खरंच कोण आहे हे कॉलेजला लिहून द्यायच्या दिवशी, लोरेटाने नियमाप्रमाणे तिचं नाव खोडून यादीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून एक मुलगी दारात उभी राहिली. बाहीवर बदामाची तपकिरी धूळ.

"मॅडम, मला काढलंत? बदामाच्या कारखान्यात डबल पाळी होती. हा विषय झाला नाही, तर नर्सिंगला घेणार नाहीत हो."

तिने कागद पुढे केला. 'धुकं आहे. काही दिसत नाही.'

लोरेटाने बाकीचे निबंध पुन्हा काढले, या वेळी एकापाठोपाठ एक. एकोणीस खिडक्या, आणि प्रत्येकीबाहेर तेच पिवळं झाड.

कचेरीतली वांडा फोनवर हसली. "भुतं आहेत ती. चोरलेली नावं, विद्यार्थ्यांची सरकारी मदत लाटायला घुसवलेली. निबंध यंत्र लिहितं. सगळीकडे झालीत. पण काढलीस तर उरेल एकटी ती पोरगी. पंधराच्या खाली वर्ग बंद. बघ बाई."

लोरेटाने मारिसेलाचं नाव परत घातलं. भुतांना हात लावला नाही.

मारिसेला मंगळवारी समोर बसून आपल्या आईविषयी लिहायची आणि कच्चा मजकूर वर्गाच्या पानावर टाकायची. खाली एकोणीस जण लगेच कौतुक करायचे. "गोड आहेत सगळे," ती एकदा म्हणाली. लोरेटा फळा पुसत राहिली.

मे महिन्यात शेवटचे निबंध आले. पहिल्यात कुणाच्या तरी आईच्या पापण्यांवर बदामाची धूळ होती. दुसऱ्यातही. तिसऱ्यातली आई मारिसेलाच्या कच्च्या मजकुरातल्यासारखीच दारात बूट झटकत होती. मारिसेलाचा निबंध नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी आला, आणि संगणकाने त्यावर लाल शेरा मारला : नक्कल, एकोणीस जणांवरून.

"मॅडम," समोर बसलेली मारिसेला हळूच म्हणाली, "ही माझी आई आहे."

"माहीत आहे."

हे सिद्ध करायचं तर ते एकोणीस कोण, हे सांगावं लागणार होतं. आणि ते खरे असल्याच्या कागदावर सही लोरेटाची होती. तिने कचेरीला फोन लावला.

"वांडा, जानेवारीची यादी काढ. माझी सही खोटी आहे. वर्गात एकच मुलगी होती."

टेबलावरचा संगणक टिंग वाजला. मग पुन्हा. वर्गाच्या पानावर त्या एकोणिसांतलं कुणीतरी विचारत होतं, मॅडम, पुढच्या सत्रात तुम्हीच आहात ना?