आमेननंतरचा घास

"झाली! प्रार्थना झाली गं! आमेन झालं, दोनदा झालं, आता खा की माय!"

बाबा ओरडत होते. आता आमचे बाबा ओरडतात म्हणजे काय, हे लातूरच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. त्यांनी हयातभर एसटी चालवली, आणि त्यांच्या गाडीचा हॉर्न बिघडला तर डेपोवाले तो दुरुस्त करायच्या भानगडीतच पडत नसत. बाबांनी खिडकीतून तोंड काढून एकदा "ए हाऽऽट" म्हटलं की औशाच्या रस्त्यात आडवी बसलेली म्हैस उठायची ती थेट हदगावला जाऊन थांबायची. तर एवढ्या आवाजात ते माझ्या आईला जेव म्हणून सांगत होते. आणि आई त्यांच्यासमोर बसून, हातातला घास परत ताटात ठेवून, पदर डोक्यावर घेत होती.

"अहो, हळू बोला जरा," ती म्हणाली. "प्रार्थना करायची हाय अजून."

आणि तिनं डोळे मिटले. तिसऱ्यांदा.

आम्ही ख्रिस्ती. घरात नियम फार नव्हते, पण एक होता, आणि तो आईचा होता. देवाचे आभार मानल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. पाहुणा असो, परीक्षेची गडबड असो, बाबांची गाडी फलाटावर लागलेली असो. आणि आईचे आभार म्हणजे काही उरकून टाकायचं काम नव्हतं. आधी पेरणाऱ्याचे आभार, मग पाऊस देणाऱ्याचे, मग पिठाच्या गिरणीवाल्याचे, मग गल्लीतल्या आजाऱ्यांची नावं, आणि ते संपले की पुढेमागे आजारी पडतील अशा लोकांची. तेवढ्यात वरण गार व्हायचं, भाताचा गोळा व्हायचा, पापड सादळायचे. आमची मांजर ताटांपासून हातभर अंतरावर डोळे मिटून बसायची आणि आमेन झाल्यावरच तोंड उघडायची. ती मांजर आमच्या चर्चच्या निम्म्या मंडळीपेक्षा जास्त भाविक होती हे मी शपथेवर सांगतो, जरी शपथ घेणं आम्हाला मना आहे.

ह्या नियमातून एकच पळवाट होती, आणि तीही आईनंच ठेवलेली. चुलीपाशी चव बघायला प्रार्थना लागत नसे. "चव बघणं म्हणजे जेवणं न्हाई," ती म्हणायची. आम्ही पोरं भुकेनं वेडी झालो की स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या जबाबदारीनं आमटीची चव बघायचो. एकदा मी इतक्या मनापासून चव बघितली की रात्री आमटी पुन्हा करावी लागली.

मग आई विसरायला लागली. आधी गल्ल्या विसरली, मग परगावच्या नातवाचं नाव, मग गॅस बंद करायचा. पुढं पुढं आपण लातूरच्या घरात आहोत की उदगीरच्या माहेरात, हेही तिला पक्कं कळेना. एकेक करून सगळं निघून गेलं, पण प्रार्थना राहिली. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, बघा, केवढा विश्वास! आम्हालाही बरं वाटलं. तिचा विश्वासच तिला उपाशी ठेवणार आहे हे तेव्हा कुणाला कळणार?

व्हायचं असं. ती पदर घ्यायची, आभार मानायची, आमेन म्हणायची, भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, तोंडापर्यंत न्यायची. आणि तिथं हात थांबायचा. कपाळावर आठी यायची. आपण प्रार्थना केली का? आठवायचं नाही. आणि न आठवता खाईल ती आमची आई कसली! घास खाली, पदर वर, डोळे बंद. पुन्हा पेरणाऱ्यापासून सुरुवात. असं चालता चालता ती थकून जायची आणि ताट तसंच सोडून उठायची. वर पोट भरल्यासारखं सगळ्यांना विचारायची, "जेवलात ना सगळे?"

डॉक्टरांनी वजन बघितलं, मग बाबांकडे बघितलं. "काहीही करा, पण यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच चाललं तर फार दिवस नाहीत," ते म्हणाले. आईच्या हातातल्या बांगड्या तेव्हा मनगट सोडून कोपराकडे चढायला लागल्या होत्या.

आम्ही काय केलं नाही! माझ्या बायकोनं हातानं भरवून बघितलं, तर आईनं ओठ घट्ट मिटले आणि लहान मुलीसारखी रडली. "बिनप्रार्थनेचं खायला घालून मला कशाला पापात पाडता गं?" मी मोबाइलवर तिचीच प्रार्थना भरून ठेवली आणि पुरावा म्हणून ऐकवली. तिनं सगळी ऐकली, शेवटी आमेन म्हणाली. "बाई चांगली प्रार्थना करती," असं कौतुकही केलं, आणि स्वतःची सुरू केली. शेवटी बाबांनी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी मोठ्या अधिकारानं, आईच्या डोक्यावर हात ठेवून, आजच्या-उद्याच्या सगळ्या जेवणांचा एकदाच आशीर्वाद मागितला. आईचा चेहरा उजळला. आम्ही श्वास रोखून बसलो.

"साहेब, लई छान केली," आई म्हणाली. "आता माझी करते."

पाळकसाहेबांच्या पुढ्यातले पोहे गार झाले ते झालेच. जाताना त्यांनी बाबांचा हात नुसता धरून ठेवला.

मार्ग निघाला तो कुणी काढला म्हणून नाही. माझी बायको एका दुपारी वरणाला फोडणी देत होती, आई मागं पाटावर बसलेली. लग्न होऊन आल्यापासूनची सवय, तिच्या तोंडातून निघून गेलं, "आई, मीठ बघा हो."

आईनं तळहात पुढं केला. बायकोनं त्यावर वरण घातलं. आईनं चाटलं, आणि पदराकडं हात गेला नाही.

"कमी हाय," आई म्हणाली. "आन अजून."

बायकोनं मिठाला हातही न लावता पुन्हा वाढलं. आईनं पुन्हा चाटलं. मग वाटीत दिलं. मग वाटीत भाकरी कुस्करून दिली, "भाकरीचं मीठ बघा" म्हणून.

"भाकरीत कुठं मीठ असतंय का, येडी का काय तू," आई म्हणाली, आणि खाऊन टाकली.

बायको बाहेर आली ती पळतच. तोंडाला पदर. मला वाटलं भाजलं. "जेवल्या," एवढंच तिला बोलता आलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण बंद झालं आणि चव बघणं सुरू झालं. भाताची चव, भाजीची चव, दुधाची चव, केळं पिकलंय का त्याची चव. बाबा, ज्यांनी आयुष्यात चहाचा कप स्वतः उचलून ठेवला नव्हता, ते गॅसपाशी स्टूल टाकून बसायचे, हातात वाटी घेऊन. "हे बघ जरा, सूनबाईनं काय करून ठेवलंय, मला तर कळून न्हाई राहिलं." आई त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघायची आणि घास घ्यायची. अख्ख्या मराठवाड्यात एवढं मीठ कुणी तपासलं नसेल. हळूहळू बांगड्या खाली उतरल्या.

पण ह्याची एक अट होती. घरात प्रार्थनेचा शब्द तिच्या कानावर पडता कामा नये. तो पडला की तिला नियम आठवायचा, पदर वर जायचा, आणि मग चव बघायलासुद्धा ती तयार व्हायची नाही. म्हणजे सांजची घरची उपासना बंद. गाणी बंद. पेटी माळ्यावर. आम्ही नवराबायको जेवताना मनातल्या मनात, डोळे उघडे ठेवून आभार मानायचो, चोरी केल्यासारखे.

बाबांना मनातल्या मनात काही येतच नसे. ते गच्चीवर जायचे. पाण्याच्या टाकीमागं उभे राहून देवाशी हळू आवाजात बोलायचा प्रयत्न करायचे, आणि त्यांचा हळू आवाज चार घरांना पुरायचा. शेजारच्या गच्चीवर देवणीकडच्या एक बाई कुरडया वाळत घालायच्या. त्यांनी एकदा विचारलंच.

"काका, कुणाला रागावून राहिलात एवढं?"

"रागावत न्हाई बाई," बाबा म्हणाले. "मागून राहिलो."

ते काय मागत होते ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं. "बापा," ते म्हणत होते, "तिनं तुला सोडावं असं मी म्हणत न्हाई. पण जेवायच्या टायमाला तेवढं जरा बाजूला हो. तिला जेवू दे."

नाताळात गाणारी मंडळी ढोलकी वाजवत आमच्या गल्लीकडं वळली, तेव्हा बाबा गल्लीच्या तोंडाशी दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. भर संध्याकाळी गाडी अडवावी तसे. ज्यांच्या घरी गाण्यांनंतरचा चहा आणि करंज्या ठरलेल्या, तेच म्हणत होते, "आमच्या दारात नको. पुढं जावा."

"काका, नाताळ हाय!"

"माहीत हाय. जावा."

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एक वडीलधारे बाबांना म्हणाले, "ऐकून राहिलो की तुमच्या घरात प्रार्थना बंद झाली म्हणे. म्हातारपणी देव सोडला का काय?" बाबा एरवी असल्या माणसाला शब्दांनी उचलून थेट नांदेडला टाकून आले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त चपला घातल्या. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "ती जेवती ना? मग म्हणू दे."

असं वर्ष गेलं असेल. मग एका दुपारी बाबा जेवायला बसले होते, आई त्यांच्याजवळ बसलेली. आम्ही कुणी काही बोललो नाही, कुणी चव बघा म्हटलं नाही. आईनं बाबांच्या ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. मग दुसरा घास. मग तिसरा. हात कुठं थांबला नाही. कपाळावर आठी आली नाही. पदर खांद्यावरच.

बायकोनं मला कोपरानं ढोसलं, तिचे डोळे भरलेले. मी तर उठून नाचायच्या बेतात होतो. आईनं बाबांचं अर्धं ताट संपवलं, बोटं चाटली, पाणी प्यायली.

"बाबा, बघितलं का!" मी म्हटलं. "ताटात जेवली!"

बाबा तिच्या पदराकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. आम्ही कसोटी म्हणून तिच्यासमोर प्रार्थनेचा शब्द काढला, आमेन म्हणून बघितलं. आईनं मान वर केली नाही. आता तिला चुलीपाशी बसवायची गरज राहिली नाही, आणि बाबांना गच्चीवर जायचीही. मी बाबांना म्हटलं, "आता खाली करा की प्रार्थना. काही अडत नाही." ते म्हणाले, "राहू दे." मी पुन्हा म्हटलं तर जिन्याच्या पायरीवर बसले. "मी मागितलं ते दिलं त्यानं," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आई जेवली, पोटभर.

बरेच रविवार गेले. मग एका रविवारी उपासनेहून आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नाहीत, तसेच आईशेजारी येऊन बसले. बायकोनं चौघांची ताटं वाढली. बाबांनी हात जोडले.

"आज मी करतो," ते म्हणाले.

ज्या आवाजानं म्हशी हदगावला जायच्या, तो आवाज मला शोधावा लागला. ते देवाला आईचं नाव सांगत होते. तिच्या माहेरचं गाव सांगत होते, जसा काही त्याला पत्ता माहीत नव्हता. ही माझी बायको, ही तुझी लेक, असं सांगत होते. मी डोळे किलकिले केले. आई जेवत होती. माझ्या बायकोनं हळूच हात लांब करून आईचा पदर डोक्यावर ठेवला. आईनं तो डाव्या हातानं ओढून काढला, खाताना मध्ये येणारी माशी हाकलावी तसा. बाबा थांबले, मग पुढं बोलले, मग आणखी थांबले. शेवटी आमेन म्हणाले. आम्ही दोघांनी आमेन म्हटलं.

आई माझ्याकडं वाकली. बाबांकडं बोट करून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला विचारलं, "हा माणूस कुणासंगं बोलून राहिला मघापासून?"



बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि आईच्या ताटात ठेवला.

"कुणासंगं न्हाई," ते म्हणाले. "जेव तू."