रुख्माबाईचा राग

संजू पटले हा कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. पायात जोर बेताचाच, तोंडात मात्र भरपूर. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या उन्हाळी स्पर्धेत टीम सेमीफायनलपर्यंत पोचली ती त्याच्यामुळे नव्हे, हिमांशूमुळे. हिमांशू सौंदडचा, त्याचा वर्गमित्र, आता फौजेत. सुट्टीवर आलेल्या या मित्राला खेळवता यावं म्हणून ‘माजी विद्यार्थी चालतील’ असं संजूनं आयोजकांशी हुज्जत घालून कबूल करवलं होतं.

तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर रात्रंदिवस सायरन, आणि इकडे सेमीफायनल. मॅचआधी सगळ्यांचे मोबाइल कॅप्टनच्या पिशवीत जायचे, ही टीमची रीत. मध्यंतरात संजूनं पिशवी उघडली तर हिमांशूच्या मोबाइलवर पलटणीचा मेसेज: सुट्टी रद्द, मिळेल त्या गाडीनं निघ. टीम एका गोलनं मागे होती. संजूनं चेन लावली. एवढ्याशा वेळानं काय बिघडतं, असं त्यानं मनाला समजावलं. मनही लबाड, लगेच समजलं.

मॅच जिंकली, पण बिघडायचं ते बिघडलं. मध्यंतरातच निघाला असता तर हिमांशूला सौंदडला जाऊन आईला भेटता आलं असतं. आता गोंदियाहून गाडी मिळाली तरी पुष्कळ. संजूच्या मोटारसायकलवर मागे बसून मेसेजची मध्यंतराआधीची वेळ पाहत तो एवढंच म्हणाला, “समजलं बे माले.” त्यानं शिव्या घातल्या असत्या तर संजूला बरं वाटलं असतं.

प्लॅटफॉर्मवरून हिमांशूनं संजूसमोरच आईला फोन लावला. “माय, बुलावा आधीच आला होता. मीच मॅच सोडली नाही.” रुख्माबाईनं फोन कापला. त्यानंतर तिनं त्याचा एकही फोन उचलला नाही.

संजूला घरात चैन पडेना. उन्हाळी धान निघालं होतं. मदतीच्या निमित्तानं तो सौंदडला जाऊ लागला. रुख्माबाई सूप घेऊन धान पाखडायची आणि प्रत्येक झटक्याला पोराचा उद्धार करायची. “मायपेक्षा चेंडू मोठा झाला त्याले! येऊ दे, घरात घेत नाही.” मग पोटभर भात खायची आणि संजूलाही आग्रहानं वाढायची. जेवताना संजूच्या मनात एकच यायचं. चोरी आपली आणि शिव्या दुसऱ्याला, त्याही लढाईवर गेलेल्याला.

शेवटी फायनलच्या आदल्या दिवशी त्याला राहवलं नाही.

“काकी, तो खोटं बोलला. मेसेज मी लपवला होता. त्याले मॅच संपेपर्यंत मालूमच नव्हतं.”

रुख्माबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती रागावली नाही. तिनं कमरेचा मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. “लाव त्याले.”

फोन लागला. संजूनं सगळं सांगून टाकलं आणि छातीवरचा दगड उतरल्यागत श्वास सोडला.

“काऊन सांगितलंस बे?” पलीकडून हिमांशू म्हणाला. “तुले वाचवाले खोटं नव्हतो बोललो मी. रागात राहते त माय जेवते, कामाले लागते. आता ती माझी वाट पाहत बसन.”

संजूनं वळून पाहिलं. रुख्माबाई धानाच्या ढिगाशेजारी बसली होती आणि पदरात तोंड घालून रडत होती. मोबाइल तिला द्यायचा होता, पण त्याचा हात पुढे होईना.