चहा फूलवती काकींकडे

कोंबड्यांच्या शेडमधली पिसं कितीही झाडा, संपत नाहीत. किश्शांचंही तसंच! मी झाशीत पोल्ट्रीची डॉक्टर. बिजौलीच्या पुढच्या गावांतले ब्रॉयलर फार्म माझ्याकडे. पिल्लं कंपनी देते, वाढवतात गावकरी, आणि पिल्लांना जुलाब लागले की बोलणी खाते मी. रोग शेडमध्ये शिरतो कुठून, हे शोधायला माझ्याजवळ एक लांबलचक फॉर्म असतो. सगळी गंमत त्या फॉर्मची.

*

रामसेवक भैयांच्या दारात मी औषधाच्या पाण्याचा ट्रे ठेवायला लावला. बूट त्यात बुडवायचे, मगच आत. पुढच्या वेळी पाहते तर ट्रेवर घट्ट झाकण!

"भैया, ये क्या?"

"मैडम, सब पैर डालेंगे तो दवा गंदी हो जाएगी. आप आती हैं, तभी खोलते हैं!"

*

त्यांनाच फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारला, "शेड में और कोई जानवर जाता है?"

"एक भी नहीं!" भैया छातीवर हात ठेवून सांगत होते, तेवढ्यात आतून खाद्य चघळत बकरी बाहेर आली. दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"ये जानवर थोड़े है," भैया म्हणाले. "ये तो मुन्नी है!"

*

आमचं घर पिढ्यानपिढ्या झाशीतलं. आई सोवळ्याची पक्की. घरात अंडं येत नाही, आणि लेक कोंबड्यांची डॉक्टर! मी आले की मागल्या दाराने न्हाणीघर, अंघोळ, मग स्वयंपाकघर. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, सगळं धुऊन आलेय!"

"बूटही?"

"उद्या तेच घालायचेत. रोज काय धुवायचे?"

"म्हणजे चार घरचं शिवून पाचव्या घरी जातेस की गं!"

मी हसले. ऑफिसात सांगितलं, तेही हसले.

*

फूलवती काकींचं मात्र मला फार वाईट वाटायचं. एकटी बाई, एकच शेड, आणि लागोपाठ दोन बॅच आजारी पडल्या. तिसरीही बिघडली तर कंपनी पिल्लं देणं बंद करणार होती. काकींनी काय नाही केलं! शेड धुतलं, चुना मारला, नवा भुसा पसरला, उंदरांची बिळं सिमेंटने बुजवली. सख्ख्या थोरल्या दिरांनाही आत सोडेनात. "जेठजी की चाय बाहरई भेज देत हैं," म्हणाल्या.

फॉर्मवर सगळी उत्तरं बरोबर. काळजीपोटी मी त्यांच्याकडे जास्तच फेऱ्या मारू लागले. त्यातून काकींचा आल्याचा चहा असा, की बाकी सगळी आजारी शेडं उरकून मी शेवटी निवांत त्यांच्याकडे जायची.

*

तिसरी बॅच आली. मी पोहोचले तर फाटकाला कडी. आत काकी, हात जोडून.

"डाक्टरनी जी, चूहे बंद, पड़ोसन बंद, जेठजी बंद. अब एक आपई बची हो."

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. तीन शेडांचा भुसा चिकटला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती पूर्ण बॅच मी रस्त्यावरून पाहिली. काकी पिल्लू उचलून लांबून दाखवायच्या, मी मान डोलवायची. चहाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

पक्षी पूर्ण वजनाचे भरले. कोंबड्यांची शेवटची गाडी धूळ उडवत गेली, तशी काकींनी फाटक सताड उघडलं.

"अब आ जाओ बिन्ना," त्या बहिणीला बोलवावं तशा म्हणाल्या. "सब चली गईं. चाय चढ़ा दई है."

मी बूट बाहेर काढले आणि अनवाणी आत गेले.